खुर्चीची बोली, रुग्णाची खाट



आपल्या कांदिवलीत कोणी ‘सीझन तिकीट’ म्हटले की आधी लोकलचा पास आठवतो. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास खिशात असला की रोज खिडकीसमोर रांग लावावी लागत नाही. खेळाच्या मैदानावरही असे सीझन तिकीट असते. कसोटी सामन्याच्या पाचही दिवसांचे मिळून एक तिकीट, ही जुन्या मुंबईकरांच्या ओळखीची गोष्ट आहे. परदेशातील अनेक क्लब तर संपूर्ण मोसमातील घरच्या सामन्यांसाठी एकच खुर्ची सीझन तिकिटाने देतात. लोकलच्या पासावर बसायला जागा मिळेलच असे नाही. मैदानाच्या तिकिटावर मात्र खुर्चीचा क्रमांक छापलेला असतो, आणि किंमत येते ती त्या क्रमांकाला.

अशी तिकिटे रुग्णांच्या मदतीसाठी लिलावात काढण्याची पद्धत आता जगभर रूढ आहे. ज्याच्याकडे तिकीट आहे तो ते देऊन टाकतो, जास्त बोली लावणारा ते घेतो आणि आलेली रक्कम एखाद्या रुग्णालयाला किंवा वैद्यकीय संस्थेला जाते. पैसा चांगल्या कामाला गेला, एवढे म्हणून आपण समाधान मानतो. या लेखात थोडे थांबून विचार करू. अशा लिलावात दान नेमके कुठे असते? ते कोण करतो? कोण त्यातून बाहेर राहतो? आणि ज्याच्या नावाने बोली पुकारली जाते, त्या रुग्णापर्यंत काय पोहोचते?

१. खुर्चीला एवढी किंमत का येते?

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास हा बऱ्याच अंशी खुर्च्यांचा इतिहास आहे. १९३७ साली सुरू झालेले ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तेथे होणाऱ्या सामन्यांची किती तिकिटे मुंबई क्रिकेट संघटनेच्या वाट्याला यावीत, यावरून क्लब आणि संघटना यांच्यात वाद झाला. तो मिटला नाही. शेवटी बॅ. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने ब्रेबर्नपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर स्वतःचे मैदान उभारले. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. तिकिटांच्या वाटपावरून शहराला दुसरे स्टेडियम मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

पुढे त्याच वानखेडेवर २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. सुमारे ३३ हजार आसनांपैकी सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी जेमतेम ४ हजार तिकिटे उरली होती. बाकीची संलग्न क्लब, संघटना आणि आयोजक यांच्या वाट्याला गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी तिकिटांचा काळा बाजार करणाऱ्यावर पोलिसांना कारवाई करावी लागली.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिकिटावर छापलेली किंमत वेगळी आणि बाजारात येऊ शकणारी किंमत वेगळी. खुर्च्या थोड्या आणि हौशी लोक पुष्कळ, म्हणून हा फरक पडतो. काळा बाजार करणारा हा फरक स्वतःच्या खिशात घालतो. मदतीसाठी लिलाव करणारा तोच फरक रुग्णाकडे वळवतो. बाहेरून दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात. एकच वस्तू, एकच वाढीव दर. मग एक गुन्हा आणि दुसरे सत्कर्म कसे?

२. विकणारा आणि विकत घेणारा

या प्रश्नावर तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात विचार केला आहे. त्यांच्यासमोर क्रिकेट नव्हते, पण बाजार होता. योग्य किमतीविषयी ते एक बारीक भेद करतात. वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल तर त्याने थोडी जास्त किंमत घेणे न्याय्य आहे. पण समोरच्याला तिची फार गरज आहे, त्याला तिचा फार लाभ होणार आहे, एवढ्याच कारणाने किंमत वाढवणे योग्य नाही. तो लाभ विकणाऱ्याने निर्माण केलेला नाही. म्हणजे जे माझे नाही, तेच मी विकतो असा त्याचा अर्थ होतो. मात्र ज्याला मोठा लाभ झाला, त्याने आपण होऊन थोडे अधिक दिले, तर तो त्याचा चांगुलपणा ठरतो.

आता हा भेद आपल्या तिकिटाला लावून पाहा. काळ्या बाजारात दुसऱ्याच्या उत्साहाची किंमत विकणारा वसूल करतो. मदतीच्या लिलावात विकणारा स्वतःसाठी काही ठेवत नाही, आणि घेणारा जाणूनबुजून, आपल्या मर्जीने, मूळ किमतीच्या वर जातो. दोन्ही बाजूंनी स्वार्थ सैल झालेला असतो. म्हणून असा लिलाव मुळात वाईट नाही. उलट, ज्या पैशाची धाव एरवी दलालाकडे असते, तो पैसा रुग्णालयाकडे वळवण्याची ती एक शहाणी युक्ती आहे.

पण यातच एक हिशेब लपलेला आहे. समजा तिकिटाची मूळ किंमत ३ हजार रुपये आहे आणि कोणी २० हजारांची बोली लावून ते घेतले. टाळ्या २० हजारांना पडतात. वास्तविक ३ हजार रुपये ही खरेदी आहे. त्याबद्दल त्याला सामना पाहायला मिळणार आहे. दान असलेच तर वरच्या १७ हजारांचे. अमेरिकेतील करकायदा नेमकी हीच रेघ मारतो. धर्मादाय लिलावात वस्तूच्या रास्त बाजारभावापेक्षा जेवढी जास्त रक्कम दिली असेल, तेवढीच देणगी म्हणून धरली जाते. कायद्याला जे कळते ते आपल्या अंतःकरणालाही कळावे. आणि ज्याने तिकीट दिले त्याचे काय? त्याने आपला सामना सोडला. त्या दिवशी तो मैदानाऐवजी घरी बसणार. अनेकदा या साऱ्या व्यवहारातील सर्वात शांत दाता तोच असतो, आणि व्यासपीठावर नाव मात्र बोली जिंकणाऱ्याचे पुकारले जाते.

३. खेळ आणि मदत: आपल्याकडील उदाहरणे

खेळातून मदत उभी करणे मुंबईला नवे नाही. १९४२-४३ च्या मोसमात, बंगालमध्ये भीषण चक्रीवादळ झाले होते आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील विजापूर भागात दुष्काळ पडला होता. त्या मोसमात मुंबईत एक प्रथम दर्जाचा सामना झाला. संघांची नावेच ‘बेंगॉल सायक्लोन इलेव्हन’ आणि ‘बिजापूर फॅमिन इलेव्हन’ अशी होती. धावफलकावर संकटग्रस्तांची नावे लागली. तो सामना कोण जिंकला यापेक्षा तो कोणासाठी खेळला गेला, हे त्या नावांतून आजही कळते.

२०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनी यांनी वापरलेली बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनमधील एका मदतनिधी भोजनसमारंभात लिलावाला निघाली. तिला १ लाख पौंड मिळाले. लिलावात विकली गेलेली सर्वात महाग क्रिकेट बॅट म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. ती रक्कम गरजू मुलांसाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठानासाठी होती.

लिलाव आणि औषधोपचार यांची सांगड खेळाबाहेरही आपल्या शहरात दिसते. लालबागच्या राजाला भाविकांनी वाहिलेल्या सोन्या-चांदीच्या वस्तूंचा गणेशोत्सवानंतर जाहीर लिलाव होतो. तेच मंडळ रुग्णांसाठी डायलिसिस केंद्रही चालवते. आपल्या शेजाऱ्यांच्या या कामाकडे आपण आदराने पाहावे.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू आहे. तिने वेगळा मार्ग काढला. या शर्यतीत काही जागा सामाजिक संस्थांमार्फत दिल्या जातात. नेहमीच्या प्रवेश शुल्काहून बरीच मोठी देणगी देणाऱ्याला त्या मिळतात. त्यांना ‘चॅरिटी बिब’ म्हणतात. कर्करुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थाही त्यांत असतात. येथेही एक मर्यादित जागाच विकली जाते. फरक हा की ती घेणारा बसून पाहत नाही. तो जानेवारीच्या पहाटे स्वतः धावतो आणि त्या निमित्ताने आपल्या मित्र-नातेवाइकांकडेही संस्थेसाठी हात पसरतो.

४. लिलावातून कोण बाहेर राहतो?

लिलावाचा नियम सरळ आहे. एक वार, दोन वार, तीन वार, आणि ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू. ज्याचा आकडा लहान तो पहिल्या वारातच गप्प होतो. दान करण्याची इच्छा त्याच्याही मनात असते, पण लिलावात त्याच्या ५० रुपयांना जागाच नसते. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट (मार्क १२:४१-४४) आपल्याला ठाऊक आहे. ती बाई आपल्या लिलावाला आली असती, तर तिचा आवाज कोणी ऐकलाच नसता. आणि प्रभू येशूने तर सर्वांत जास्त तिनेच दिले असे सांगितले.

खुर्च्यांच्या बाबतीत ख्रिस्तसभेचा स्वतःचा इतिहासही फार उजळ नाही. संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची कानउघाडणी करतात. तरीही पुढे युरोप-अमेरिकेतील अनेक देवळांत, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हींत, बाकांचे भाडे घेतले जाई. एकोणिसाव्या शतकात ब्रुकलिन येथील प्लायमाऊथ चर्चमध्ये हेन्री वॉर्ड बीचर हे गाजलेले उपदेशक होते. तेथे तर बाकांचा दरवर्षी लिलाव होत असे. त्यातून चर्चचा खर्च चाले हे खरे. पण उपासनेची जागा बोलीवर गेली, की गरीब माणूस दाराशीच उभा राहतो. ही प्रथा मागे पडली हे बरेच झाले. मैदानावरची खुर्ची ही चैनीची वस्तू आहे, ती लिलावात जाऊ द्यावी. ज्या जागेवर सर्वांचा सारखाच हक्क आहे, ती कधी लिलावात जाऊ नये. देवळातील बाक तसे आणि रुग्णालयातील खाटही तशीच.

मग लहान देणाऱ्यालाही सामावून घेणारा मार्ग आहे का? आहे. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज ग्लेन मॅकग्रा आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मॅकग्रा फाउंडेशन स्थापन केले. जेन स्वतः या आजाराशी झुंजत होत्या. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ पासून सिडनीतील नववर्षाचा कसोटी सामना त्यांच्या स्मरणार्थ ‘पिंक टेस्ट’ म्हणून ओळखला जातो. जमलेल्या पैशातून प्रशिक्षित परिचारिका नेमल्या जातात आणि त्यांची सेवा रुग्णांना मोफत मिळते.

जानेवारी २०२१ मध्ये या सामन्यासाठी आपला भारतीय संघ अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली सिडनीत होता. कोरोनामुळे प्रेक्षकांच्या संख्येवर बंधन होते. तेव्हा फाउंडेशनने ‘आभासी गुलाबी खुर्च्या’ विकायला काढल्या. एका खुर्चीला २० ऑस्ट्रेलियन डॉलर. त्या खुर्चीवर कोणी बसणार नव्हते, तिच्यावरून चेंडूही दिसणार नव्हता. तरी अशा एक लाखाहून अधिक खुर्च्या विकल्या गेल्या. येथे बोली नव्हती. सर्वांना दर एकच होता, आणि कोणाच्या देण्याने दुसऱ्याचे देणे बाद होत नव्हते. मोबदल्यात काहीच मिळणार नव्हते, म्हणून दिलेला प्रत्येक डॉलर निखळ दान होता. लिलावात मोठा देणारा लहानाला हरवतो. या रीतीत दोघेही एकाच रांगेत बसतात.

५. आजाराला सीझन नसतो

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्याला बहुधा आठवड्यातून दोन ते तीन वेळा डायलिसिस लागते, आणि एका वेळेला साधारण चार तास मशीनला जोडून पडावे लागते. आठवड्याला तीन वेळा धरले, तर वर्षाला १५६ वेळा. मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले नाही, तर हे जन्मभराचे असते. आयपीएलचा मोसम दोन-अडीच महिन्यांत आटोपतो. एका रात्रीच्या लिलावाने त्या रुग्णाचे काही आठवडे निभावतील. पुढच्या आठवड्यांचे काय, हा प्रश्न लिलाव संपल्यावर सुरू होतो.

परळच्या टाटा रुग्णालयाचे उदाहरण घ्या. १९४१ साली ते सुरू झाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्याला तेथेच आयुष्य वेचणारे गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून येथे रुग्ण येतात. उपचार सवलतीत किंवा मोफत मिळाले, तरी महिनोन्‌महिने मुंबईत राहायचे कुठे? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. २००६ पासून ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना मोफत निवारा देते. अशा कामाला एका रात्रीची मोठी रक्कम हवीच असते. पण त्याहून जास्त गरज असते ती दर महिन्याला न चुकता येणाऱ्या लहान रकमेची. वीज, पाणी, धान्य, औषधे यांची बिले महिन्याच्या महिन्याला येतात.

म्हणजे आपल्याला सीझन तिकीट हवेच आहे, पण ते दानाचे. लोकलचा पास जसा आपण आठवणीने नव्याने काढतो, तसा एखाद्या रुग्णासाठी दरमहा ठरावीक रकमेचा ‘पास’ काढता येईल. त्यात खुर्चीचा क्रमांक नसेल, पण कोणाच्या तरी खाटेचा क्रमांक असेल.

६. लिलाव करायचाच असेल तर

लिलाव करू नये असे मला म्हणायचे नाही. कोणत्याही संस्थेने, मंडळाने किंवा क्लबने तो करायचे ठरवले, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली: तिकिटावरील अटी वाचाव्यात. अनेक मोठ्या सामन्यांच्या आयोजकांची लेखी परवानगी असल्याशिवाय तिकीट पुन्हा विकता येत नाही किंवा लिलावात काढता येत नाही. रुग्णासाठी केले म्हणून नियमभंग माफ होत नाही, आणि हजारो रुपये मोजणारा माणूस फाटकावरून परत आला तर संस्थेची अब्रू जाते.

दुसरी: पैसा कोणासाठी आहे ते आधी जाहीर करावे आणि त्यालाच द्यावा. देणाऱ्यांनी विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे ख्रिस्तसभेचा कायदाही (कलम १२६७) सांगतो. डायलिसिससाठी जमलेला पैसा सभागृहाच्या रंगकामाला लावता येत नाही.

तिसरी: हिशेब लेखी आणि उघड असावा. किती आले, हॉल-जेवण-छपाईवर किती गेले, रुग्णालयाला किती पोहोचले, हे तिन्ही आकडे फलकावर लावावेत. बेथानीत मरियेने प्रभूच्या पायांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहुदाने विचारले (योहान १२:१-८). प्रश्न ऐकायला किती योग्य वाटतो! पण थैली त्याच्याच हाती होती आणि तो तिच्यातून चोरी करी, असे शुभवर्तमान सांगते. गरिबांचे नाव घेणारी थैली नेहमी दोघा-तिघांच्या देखत उघडावी.

चौथी: रुग्णाला व्यासपीठावर आणू नये. त्याचा फोटो, आजार, घरची परिस्थिती दाखवून बोली वाढवणे म्हणजे त्याच्या दुःखाचाच लिलाव करणे होय.

पाचवी: लिलावाच्या शेजारी एक साधी पेटी ठेवावी, आणि २० रुपयांची का होईना, सर्वांना परवडेल अशी ‘आभासी खुर्ची’ ठेवावी. लहान देणारा रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

सहावी: जिंकलेल्या तिकिटाचे काय करावे, हेही विचारावे. मुंबई इंडियन्स संघ २०१० पासून एका घरच्या सामन्यासाठी हजारो वंचित मुलांना वानखेडेवर आणतो. एखाद्याने बोली जिंकावी आणि ती खुर्ची उपचार संपवून बऱ्या झालेल्या मुलाला द्यावी. मग त्या व्यवहारात खरेदीचा अंश फारच थोडा उरतो.

लहान ख्रिस्ती समूहात विचार करण्यासाठी प्रश्न

१. मोबदल्यात काही मिळते म्हणून आपण किती वेळा देतो? हौजी, रॅफल, भोजनाचे कूपन यांतील दान किती आणि खरेदी किती, हे प्रामाणिकपणे मोजता येईल का?

२. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत डायलिसिस अथवा केमोथेरपी चालू असलेली कोणी व्यक्ती आहे का? तिला पैशाची मदत हवी आहे, की परळपर्यंत सोबत येणारा माणूस?

३. आपल्या समूहातील पाच-सहा घरांनी मिळून एका रुग्णासाठी वर्षभर चालणारा मासिक ‘पास’ काढायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? हा आकडा या आठवड्याच्या बैठकीतच कागदावर मांडून पाहावा.